हवं ते घे

१

त्या सकाळी फोननं झानारला ओळखलं नाही.

तसं त्यात नवल काही नव्हतं. ती उठल्यापासून बाउर्साक, कणकेचे फुगरे गोळे, तळत होती. तोंडाला पीठ, घरभर तेलाचा धूर. एरवी तोंडासमोर धरला की उघडणारा फोन उघडेना, तेव्हा तिनं गाल पुसले, खिडकीच्या उजेडात जाऊन उभी राहिली. फोन ढिम्म. "तूही कर बाबा नखरे," म्हणत तिनं आकडे दाबून तो उघडला आणि पुन्हा कढईकडे वळली. कुरकुर करावी असं तिचं मनच नव्हतं त्या दिवशी. पलीकडच्या खोलीत तिची लेक अकबोता, लाडाची बोता, दोंब्राच्या तारा छेडत बसली होती, तीही बेसूर, आणि त्या बेसूर टणटणीपुढे झानारला स्वर्गातलं गाणंही फिकं वाटलं असतं.

कारण आदल्याच आठवड्यात ही पोर हरवली होती. हरवली म्हणणंही खोटंच. कुणीतरी नेली होती.

दोंब्राच्या शिकवणीहून परतताना एक माणूस तिच्याशी बोलला. त्याला तिच्या कुत्र्याचं नाव ठाऊक होतं, ती कितवीत आहे तेही ठाऊक होतं. "आईनंच पाठवलंय मला," म्हणाला, आणि आठ वर्षांची शहाणीसुरती अकबोता त्याचा हात धरून चालू लागली. औषधाच्या दुकानावरच्या कॅमेऱ्यात दोघं पाठमोरी दिसली, आणि वळताना त्याचा अर्धा चेहरा. पोलिसांनी तो फोटो फोनवरच्या गावाच्या पानावर टाकला: याला कुणी ओळखतं का?

बाल्खाश ते केवढं! एक तळं, एक तांब्याचा कारखाना आणि शेजारच्याच्या चुलीवर काय शिजतंय याची खडान्‌खडा माहिती असलेली माणसं. एरवी त्या पानावर नुसती उणीदुणी चालायची. कुणाच्या सुनेनं केवढ्या टाचांचे बूट घातले यावरून तीन-तीन दिवस भांडणं. त्या दुपारी मात्र सगळं गाव एका आईचं झालं. मासळीवाल्या बाईनं टोपी ओळखली. एकानं चालण्याची ढब ओळखली, दुसऱ्यानं नाव सांगितलं, तिसरी म्हणाली हा हिवाळ्यात नावा दुरुस्त करायच्या कामावर होता. टॅक्सीवाल्यांनी गिऱ्हाइकं उतरवून दिली आणि तळ्याकाठचे रस्ते पालथे घातले. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. हे आठवलं की झानार हातातलं काम टाकून बसायची, आणि ते तिला दिवसातून दहादा आठवायचं.

२

त्या दुपारी ती याच स्वयंपाकघरात फ्रीजला टेकून जमिनीवर बसली होती. पोलिसांनी सांगितलं होतं, घर सोडू नका. नवरा साकेन दूर तेलाच्या विहिरींवर, कामाची पाळी संपल्याशिवाय यायचा नाही. शेजारी सासूबाई, कुल्याश आपा, मोतीबिंदूनं अधू डोळे मिटून जप करत होत्या. झानारच्या हातात फोन आणि फोनवर गावाचा धावा. देव राखो. मेल्याचे हात झडोत. बाजारामागे बघा. एकाखाली एक ओळी सरकत होत्या, आणि मध्येच एकच शब्द आला.

सुयिन्शी.

चांगली बातमी आणणारा आधी हा शब्द ओरडतो, बातमी मागाहून सांगतो. मुलगा झाला, फौजेतला पोरगा परतला, भरकटलेली घोडी सापडली. दारात कुणी सुयिन्शी म्हटलं की घरातली बाई काय झालं म्हणून विचारत बसत नाही. आधी बक्षीस कबूल करायचं, मग ऐकायचं. "हवं ते घे!" म्हणायचं. पुढे एखाद्या शालीवर, नाहीतर गालाच्या पाप्यावर भागतं.

झानारचा अंगठा तिच्या आधी हलला. हवं ते घे, तिनं लिहिलं. हवं ते घे, हवं ते घे.

काही क्षण काहीच आलं नाही. इतरांच्या ओळीही थांबल्या असं तिला वाटलं, पण जीव टांगणीला लागलेल्या माणसाला काय वाटेल याचा नेम नसतो. मग उत्तर उमटलं. तळ्याकाठच्या जुन्या नावघरातली शेवटची खोली. जिवंत आहे. भूक लागलीय.

पोलीस धावले. शेवटच्याच खोलीत बोता होती, अंगावर ओरखडा नाही. माणूस बाहेर दोर कापत बसला होता, तिथंच सापडला. नंतर ठाण्यातला साहेब झानारला म्हणाला, "नाव गावानं दिलंच होतं, संध्याकाळपर्यंत आम्हीही पोचलो असतो, ताई. पण संध्याकाळपर्यंत..." आणि त्यानं वाक्य गिळलं. झानार त्याचे हात धरून रडली.

तो एक शब्द लिहिणारा कोण, हे मात्र साहेबालाही सापडलं नाही. नावाच्या जागी नुसता ठिपका, फोटोच्या जागी काही नाही.

३

म्हणून ते बाउर्साक. संकट टळलं की देवाच्या नावानं जेवण घालतात, आणि झानारनं तर पानावर लिहून अख्ख्या गावाला आवतण दिलं. शेवटी ठिपक्यासाठीही एक ओळ लिहिली: तू जो कोणी असशील, माझं घर तुझंच समज.

माणसं दोन खोल्यांत मावेनात. दस्तरखान पार दारापर्यंत अंथरला, उरलेले जिन्यात पेले घेऊन बसले.

"मी मासे विकलेत त्या मेल्याला!" मासळीवाली तिसऱ्यांदा सांगत होती. "कल्ले उचकटून बघायचा एकेका माशाचे. असलं गिऱ्हाईक मी मेल्यावरसुद्धा विसरायची नाही."

"तू मेल्यावर मासे तरी सुटतील बिचारे," शेजारीण गौहर म्हणाली. गावाचं पान तीच सांभाळायची, त्यामुळे त्या दिवशी तिचा तोरा काही और होता. सगळे हसले. झानार वाढत होती, हसत होती, डोळे पुसत होती.

एका टॅक्सीवाल्याच्या म्हाताऱ्या आईनं तिचा पदर धरावा तशी बाही धरली. "पोरी, हाताला चव आहे हो तुझ्या. कामाला ठेवलंय का तुला इथं? जरा त्या लेकराच्या आईला पाठव ना माझ्याकडे. कपाळाचा मुका घ्यायचाय तिच्या."

"आजी, हीच की आई!" गौहर ओरडली.

"हीच? अगं बाई!" म्हातारीनं झानारकडे निरखून पाहिलं. "मग मघापासून आत चुलीपाशी उभी आहे ती कोण?"

पुन्हा हशा पिकला. झानारही हसली. पण हसता हसता आत जाऊन पाहून आली. चुलीपाशी कुणी नव्हतं. किटली मात्र भरून ठेवलेली होती, आणि आपण ती कधी भरली ते तिला आठवेना.

माणसं पांगल्यावर कुल्याश आपांनी तिला जवळ बसवलं. "त्या बातमी देणाऱ्याला काय दिलंस?"

"तो आलाच नाही, आपा."

"कबूल काय केलं होतंस?"

"सगळे म्हणतात तेच. हवं ते घे."

म्हातारीची जपमाळ थांबली. "ते दारात उभ्या असलेल्या माणसाला म्हणतात गं. त्याचं तोंड बघून. समोरचा ओळखीचा असतो, त्याची भूक आपल्याला ठाऊक असते." मग त्यांनी सुस्कारा टाकला. "जाऊ दे. पोर आली ना घरी? मी असते तर मीही तेच म्हणाले असते."

४

झानार केस कापायच्या दुकानात काम करायची. दुसऱ्या दिवशी तामारा पेत्रोव्हना आली. वर्षानुवर्षं झानारशिवाय कुणाला केसाला हात लावू न देणारी बाई.

"झानारोच्का नाही का आज?" ती कोट काढत म्हणाली.

"मीच की, तामारा पेत्रोव्हना."

तामारानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग परक्या माणसापुढे आणतात तसलं हसू ओठांवर आणलं. "चेष्टा नको गं म्हातारीची. पोरीला घेऊन घरी बसलीय ना ती? बसू दे बिचारीला. काप तूच." आणि कात्री चालू झाल्यावर डोळे मिटून पुटपुटली, "हात मात्र हुबेहूब तिच्यासारखा आहे."

आरशात झानारला झानारच दिसत होती. हनुवटीवरचा तीळ जागच्या जागी. डोळ्यांखाली काळं, ते तर आठवडाभराचं जागरण. धसक्यानं माणूस बदलतं, तिनं मनाशी म्हटलं. एका रात्रीत केस पिकलेली माणसं आहेत. तामाराला सत्तरी लागली, म्हातारीची नजर ती केवढी, शिवाय दुकानातला दिवाही पिवळा. एकेक गोष्ट समजावून घेतली की पटत होती. सगळ्या मिळून मात्र पटत नव्हत्या.

दुपारी गौहर डोकावली. उंबऱ्यात थबकली, दोन्ही खुर्च्यांकडे पाहिलं आणि मग म्हणाली, "अय्या, तूच होय! काय केलंयस गं स्वतःला? बारीक झालीस का?" उत्तराची वाट न बघता तिनं फोन पुढे केला. "हे बघ. तुझ्या ठिपक्यानं फोटो लावलाय."

बोटभर चित्र. एका स्वयंपाकघरात पाठमोरी बाई. केस मानेवर गुंडाळलेले, खांदे किंचित पुढे झुकलेले. समोर पिवळा पडदा.

"असले पडदे बाजारात ढिगानं मिळतात," झानार म्हणाली.

"मी कुठं काही म्हटलं?" गौहर म्हणाली.

५

संध्याकाळी तिनं सासूबाईंना चहा नेऊन दिला.

"पुन्हा?" कुल्याश आपा म्हणाल्या. "मघाशीच तर दिलास. दूध जास्त घातलं होतंस, चांगला झाला होता."

झानारनं घरात शिरून अजून कोटसुद्धा काढला नव्हता. तिनं बोताकडे पाहिलं. बोता जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती.

"आजीला चहा तू दिलास, राणी?"

"तूच दिलास ना आई," बोता मान वर न करता म्हणाली. "आणि मला साखर लावून पाव."

ताटलीत पावाचे कण होते. झानार ताटलीकडे बघत राहिली. आपण मध्ये घरी येऊन गेलो असू आणि विसरलो असू. आठवडाभर जेमतेम झोपलेल्या माणसाला असं होतं, होऊ शकतं. तिनं खोल्या पाहिल्या, कपाट उघडलं, मोरीत दिवा लावला. कुणी नव्हतं. चुलीपाशी मात्र ऊब होती, आणि तिचा घरातला झगा खुंटीवर असायचा तो पाठीच्या बाजूनं कोमट लागला, नुकताच अंगावरून उतरवल्यासारखा.

तेवढ्यात साकेनचा फोन आला, तोंड दिसणारा. तिनं झडप घालून उचलला.

"कोण?" साकेन म्हणाला. "वहिनी, जरा झानारला द्या ना."

"साकेन, मी आहे."

"आवाज तुटतोय हो. माझं मघाशी बोलणं झालंय तिच्याशी, बोताच्या बुटांचं माप विचारायचं राहिलं तेवढं. सांगाल तिला?" तो हसत होता. कितीतरी दिवसांनी तो असा मोकळा हसत होता. "तुम्ही सगळ्यांनी फार केलं आमच्यासाठी, वहिनी. तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

फोन ठेवल्यावर झानार बोताजवळ जाऊन बसली. पोरीच्या कपाळाचा वास घेतला, साबणाचा आणि रंगांचा. बोता तिला बिलगली आणि म्हणाली, "आई, तुझे हात गार आहेत. मघाशी किती गरम होते." झानारनं तिला घट्ट धरून ठेवलं. हवं ते ने, ती मनातल्या मनात म्हणाली, सगळं ने, पण हिला नको. हिच्या केसालाही नको. ती रात्रभर पोरीच्या अंगावर हात ठेवून जागी राहिली, आणि उजाडल्यावर पोर सुखरूप पाहून देवाचे आभार मानले.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाळा सुटायच्या कितीतरी आधी फाटकापाशी जाऊन उभी राहिली. पोरं आली, पांगली. बोता आली नाही.

फाटकावरची बाई झाडू टेकवून उभी होती. हीसुद्धा त्या दिवशी तळ्याकाठी चिखल तुडवणाऱ्यांतली.

"अकबोता? ती गेली केव्हाच."

"कुणाबरोबर?" झानारनं फाटक घट्ट धरलं.

"आईबरोबर. दुसऱ्या कुणाच्या हाती देते होय मी आता? तोंड बघून देते." बाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कोण तिच्या?"

झानार धावली. कोटाची बटणं उघडी, तळ्यावरून येणारा वारा छातीत भरत होता, आणि तोंडातून एकच नाव. जिना चढली. दाराशी येऊन ती थबकली, कारण आतून आवाज येत होते.

फळीवर सुरी चालत होती. कांदा चिरला जात होता, भरभर, शेवटी फळीच्या कडेला दोनदा टकटक. कांदा झाडायची झानारची स्वतःची तऱ्हा. बोता हसत होती. कसलीशी गोष्ट सांगता सांगता हसत होती, पोट धरून हसावं तशी. त्या दुपारनंतर ती असं हसली नव्हती.

"झानार, मीठ बेतानं घाल गं," आतून कुल्याश आपा म्हणाल्या.

"हो आपा," झानारच्या आवाजात कुणीतरी म्हणालं.

झानारनं किल्ली लावली. किल्ली फिरली, दार चार बोटं उघडलं आणि साखळीला अडलं. फटीत बोताचा चेहरा आला. गालाला पीठ लागलेलं, केसांची वेणी नीट, घट्ट, दोन्ही बाजूंनी सारखी.

"बोता," झानार म्हणाली. "राणी, मी आहे. आई. दार उघड."

बोतानं दाराची कड धरून ठेवली.

"तुझा कुत्रा अक्तोस, मीच आणला ना तो? तुझ्या गुडघ्यावरची खूण, तू तळ्यावर..."

आणि तिला पोरीचा चेहरा बदलताना दिसला. ओठ पांढरे पडले. डोळे मोठे झाले. नावघरातून आणली त्या दिवशी हेच डोळे होते. त्या माणसालाही कुत्र्याचं नाव ठाऊक होतं. त्यालाही सगळं ठाऊक होतं.

झानारनं दारावरचा हात काढला. आणखी सांगण्यासारखं तिच्याजवळ पुष्कळ होतं, आठ वर्षांचं. एकेका शब्दानं पोर आणखी पांढरी पडली असती.

"आई," बोता मागं न वळता ओरडली, "कुणीतरी बाई आलीय!"

आत सुरी थांबली. पावलं आली. घाईची नव्हेत, आपल्या घरातल्या माणसाची. फटीत, पोरीच्या मागे, झग्याची कड दिसली आणि एक हात पुढे येऊन बोताच्या डोक्यावर टेकला. ओला हात, कांद्याच्या वासाचा. अंगठ्यावर कात्री लागल्याची जुनी खूण. झानारनं आपला अंगठा मुठीत मिटला.

"बोता," तो आवाज म्हणाला, आणि त्यात राग नव्हता, काळजीच होती, "अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही. सांगितलंय ना मी?"

बोता त्या हाताला मागच्या मागे चिकटली. तिचे खांदे सैल झाले. ओठांवर पुन्हा रंग आला.

झानारनं ते पाहिलं, आणि दार लागू दिलं.

७

ती खाली अंगणातल्या बाकावर बसली. कुठं जावं ते सुचत नव्हतं. वरची खिडकी तिथून दिसत होती एवढंच.

पहिल्यांदा गौहर आली, पायात घरातल्या सपाता. मग मासळीवाली, हाताला खवले चिकटलेले. मग जिन्यातल्या आणखी दोघी, एकीच्या हातात झारा तसाच. चुली तशाच सोडून आल्या होत्या.

"कुणाकडे आलात, बाई?" गौहरनं विचारलं.

"गौहर," झानार म्हणाली.

"माझं नाव कुणी सांगितलं हिला?" गौहर मागं सरकली. "शाळेच्या फाटकावरही हीच होती म्हणे. बोताची चौकशी करत होती."

"वर जाऊन दार वाजवलं हिनं," झारेवाली म्हणाली. "झानारनंच मला आता फोन केला. पोर घाबरलीय म्हणाली."

"तोंड बघून ठेवा," मासळीवाली म्हणाली. "मी नाही बाई पाहिली हिला कधी या गावात. आणि मी एकदा पाहिलेलं तोंड विसरत नाही."

"बोलत काय बसलात? फोटो काढ, गौहर. पानावर टाक. पोलीस येईस्तोवर जाऊ द्यायची नाही हिला," चौथी म्हणाली.

चौघी तिच्याभोवती उभ्या राहिल्या. कुणी थंडीनं कुडकुडत होती, कुणाचे केस ओले होते. गौहर घाबरली होती, तरी पुढे झाली होती. झानारच्या पोटात राग शोधूनही सापडला नाही. या बायकांमधून आता वाराही तिच्या लेकराला लागणार नव्हता. एका पोरीसाठी अख्खं गाव पुन्हा सपाता घालून धावून आलं होतं. 

"तुमचं भलं होवो," ती म्हणाली. "तुमची लेकरं सुखात राहोत."

"काय पुटपुटतेय गं ही?"

"कुणास ठाऊक. हल, जरा उजेडाकडे बघ," गौहर दरडावून म्हणाली. "चेहरा येत नाहीये नीट."

झानारनं मान वर केली. ऊन डोळ्यांत येत होतं, तरी तिनं ते मिटू दिले नाहीत. फोटो स्वच्छ यायला हवा होता. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या बाल्खाशनं पाहिला असता, आणि ही माणसं किती भली आहेत ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कुणी ना कुणी ओळखलंच असतं.